सीटीओंची (कंपनीच्या तंत्रज्ञान प्रमुखांची) ईए, म्हणजे एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, म्हणून जातेय, तांत्रिक बोलणं किती कळायला हवं?

प्रश्न:
आतापर्यंत फायनान्स हेडकडे होते. आता सीटीओंकडे जातेय. त्यांच्या मीटिंगमधलं रिलीज, रोलबॅक, लेटन्सी ऐकून मिनिट्स काय लिहायचे तेच कळत नाही. कोडिंगचा कोर्स करू का? शिवाय सरांनी कॅलेंडरवर सकाळचे सलग तीन तास 'बिझी' ठेवलेत आणि सगळ्यांना नेमकी तीच वेळ हवी असते. नाही कसं म्हणायचं?

उत्तर १:
कोर्स अजिबात नको. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, कोडची एक ओळही लिहिता येत नाही. तुला कळायला हवं ते एवढंच, की कुठला शब्द आला की दिवसाचं वेळापत्रक हलतं. रोलबॅक म्हणजे नवीन व्हर्जन मागे घेऊन जुनं पुन्हा चालू करायचं. तो कानावर आला की सर त्यातच अडकणार, म्हणून दुपारच्या मुलाखतीच्या उमेदवाराला लगेच फोन कर, त्याला ताटकळत ठेवू नकोस. मिनिट्समध्ये सगळी चर्चा उतरवायची नसतेच. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, बस्स. अडलेला शब्द एखाद्या इंजिनिअरला विचार, ही मंडळी आनंदाने समजावतात.

त्या तीन तासांसाठी मात्र भांड! सर तेव्हा डिझाइन डॉक्युमेंट वाचत असतात, मध्येच अर्ध्या तासाची मीटिंग घुसली की सकाळ गेलीच. वेळ मागणाऱ्याला विचार, 'सरांकडून निर्णय हवाय की त्यांना फक्त माहिती द्यायचीय?' निम्मे जण तिथेच मेलवर येतात.

उत्तर २:
मार्च सांभाळ. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या टीम असलेली दर आठवड्याची मीटिंग कुणाच्या तरी जेवणाच्या वेळेवर जाऊन बसते. इन्व्हाइट ज्या टाइमझोनमध्ये केलंय त्याच घड्याळाने ते चालतं, म्हणून तो आधी तपास.

उत्तर ३:
सरांचा पासवर्ड घेऊ नकोस, त्यांनी दिला तरी. आउटलुकमध्ये डेलिगेट ॲक्सेस, म्हणजे त्यांच्या वतीने मेल-कॅलेंडर सांभाळायची परवानगी, मिळतो, आयटीकडून तो रीतसर मागून घे.

प्रश्नकर्ती:
डेलिगेटचं आजच विचारते. पण सिस्टिम खरंच बंद पडली, तर त्या तीन तासांतही सरांना उठवायचं ना?

उत्तर १:
हो, बेलाशक. पण कुणाच्या सांगण्यावरून उठवायचं ती नावं पहिल्याच आठवड्यात सरांकडूनच लिहून घे. माझ्याकडे ऑन-कॉल इंजिनिअर (बिघाड झाला तर त्या वेळी ड्युटीवर असलेला), सीईओ आणि सिक्युरिटी हेड आहेत. बाकी कुणीही 'अर्जंट' म्हणालं तरी आधी दोन ओळी लिहून मागते.