अण्णांची निळी-काळी शाई पावसात टिकली, माझी पेलाभर पाण्यात वाहून गेली. असं का?

जाई_अमळनेर

राम राम मंडळी.

माझे वडील चोपड्याला एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. १९६८ आणि १९६९ सालचे त्यांचे दोन रोजमेळ, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वह्या, माझ्याकडे आहेत, दोन्ही निळ्या-काळ्या शाईत लिहिलेले. गेल्या आषाढात आमचं धाबं, म्हणजे मातीचं छप्पर, गळलं आणि खालचा रोजमेळ रात्रभर भिजला. सकाळी पानं सोडवताना हात कापत होते. पानांवर निळे ओघळ आले होते, पण अक्षर न् अक्षर जागेवर होतं. निळेपणा गेला आणि खाली काळपट राखाडी रेघ उरली. अण्णांचा ‘ळ’ सुद्धा ओळखू येतो, शेपटी लांब ओढायची त्यांची सवय होती.

आता माझं. आई ८१ वर्षांची आहे. ती जात्यावरच्या अहिराणी ओव्या सांगते आणि मी अण्णांच्याच पेनाने उतरवून घेते. शाई मुद्दाम ब्लू-ब्लॅक आणली. चैत्रात लिहिलेलं एक पान खिडकीशी उघडं राहिलं, ते दिवाळीपर्यंत फिकट हिरवट झालं. त्याहून वाईट म्हणजे एका पानावर पेला कलंडला आणि तीन ओव्या निळ्या पाण्यात गेल्या. आईला पुन्हा विचारलं. दोन आठवल्या. तिसरी तिला आठवत नाही.

दोन्ही शायांचं नाव एकच, मग गुण इतके वेगळे कसे? आणि आता कोणती घेऊ?

निवृत्त_मास्तर_धुळे

ताई, तिसऱ्या ओवीचं वाचून फार वाईट वाटलं. एखाद्या दिवशी सहज बोलता बोलता आईंच्या तोंडी येईल. जवळ कागद ठेवा.

‘ब्लू-ब्लॅक’ हे आज नुसतं रंगाचं नाव उरलंय. पूर्वी ते शाईच्या वागण्याचं नाव होतं: लिहिताना निळी, वाळल्यावर काळी. अण्णांची शाई लोखंडाची असणार. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि मायफळातला किंवा हिरड्यातला तुरट अंश एकत्र आले की ही शाई होते. ताजी असते तेव्हा ती जवळजवळ बिनरंगी असते, कागदाच्या तंतूंत शिरते, आणि मग हवेतल्या प्राणवायूने तिथेच काळी पडते. एकदा काळी झाली की पाण्यात विरघळत नाही. पण लिहिणाऱ्याला लिहिताना काहीतरी दिसायला हवं ना, म्हणून त्यात निळा रंग घालतात. तुमच्याकडे ओघळला तो हा सोबतीचा निळा. खालची राखाडी रेघ म्हणजे लोखंड.

शाळेत मी दरवर्षी हे करून दाखवायचो. सातपुड्यातला हिरडा बाजारातून आणायचा, कुटून रात्रभर भिजवायचा, गाळून त्यात चिमूटभर हिराकस टाकायचा. बोरूने लिहिलं की अक्षर फिकट उमटायचं. दुसऱ्या दिवशी फळ्याजवळ लावलेल्या त्याच कागदावर काळंभोर अक्षर बघून पोरं मलाच विचारायची, ‘सर, रात्री तुम्ही गिरवलं का?’

तुमची शाई मात्र नुसत्या रंगांची आहे. दोन-तीन रंग मिसळून निळा-काळा भास आणलेला. टीपकागदाच्या पट्टीवर एक थेंब टाका आणि पट्टीचं टोक पाण्यात धरा, रंग वेगवेगळे होऊन वर चढताना दिसतील. उन्हात सगळे रंग सारखे उडत नाहीत. एक आधी गेला की उरलेल्याची छटा वर येते, तुमच्याकडे ती हिरवट आली.

विकत घ्यायची तर आजही पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक आणि प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक या लोखंडाच्या आहेत. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदींना जी रजिस्ट्रार शाई वापरायचे तीही याच जातीची, डायमाइन अजून बनवते. पायलटची ब्लू-ब्लॅक रंगांचीच आहे, तरी पाण्याला बरीच टिकते. उन्हाला टिकेल असं मी म्हणणार नाही.

अण्णांचा रोजमेळ मात्र सावलीत, कोरड्या जागी ठेवा. या शाईत आम्ल असतं आणि फार जुनी झाली की तपकिरी पडते. त्या पानांवर काहीही लावून बघू नका.

पेनवाला_जळगाव

सरांनी शाईचं सांगितलं, मी पेनाचं सांगतो. तीस वर्षं दुरुस्ती करतोय.

लोखंडाची शाई पेनात वाळू द्यायची नाही. वैशाखात आपल्याकडे टोपण सैल असलं तरी चार दिवसांत निब सुकते, आणि ही शाई सुकली की जिभेच्या, म्हणजे निबेला शाई पोचवणाऱ्या खालच्या भागाच्या, बारीक खाचांत काळा गाळ धरते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पेन धुवा. बोअरचं पाणी नको, आपल्याकडचं फार जड. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी गॅरेजवर मिळतं, ते आणा. गाळ धरलाच असेल तर व्हिटॅमिन सी ची पूड त्या पाण्यात विरघळवून निब आणि जीभ त्यात थोडा वेळ ठेवा, काळं सुटून येतं. मग साध्या पाण्याने खळखळून धुवायचं. या शाईवर सोडा, अमोनिया चालवू नका, गाळ आणखी बसतो. जुन्या शाईवर नवी ओतू नका, मधे पेन धुवाच.

अण्णांच्या पेनाची निब सोन्याची का स्टीलची? सोन्याला या शाईचं काही होत नाही. साध्या स्टीलला खड्डे पडतात. माझ्याकडे लोकांच्या आजोबांचे पेन येतात, टोक शाबूत आणि मधली चीर खाल्लेली. माझे वडील गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचे, ‘शाई बेस शे, पेन धुवाले शिक.’

तापीकाठ

सरांशी थोडा मतभेद. पुढच्या पिढ्यांसाठी लिहायचं असेल तर आम्लाची शाई कशाला? जुन्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहिल्या, त्या अजून काळ्या आहेत. काजळाला ऊन लागत नाही, कागदही खात नाही. पेनात चालेल अशी सेलरची सेइबोकू आहे, रंगकणांची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक कणांची, निळी-काळीच दिसते. महाग आहे आणि तिलाही पेनात वाळू द्यायची नाही, एवढंच.

जाई_अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार.

निब स्टीलची निघाली. भिंगातून पाहिलं तर चिरेजवळ दोन बारीक खड्डे आहेत. म्हणजे अण्णा बहुतेक हाच पेन घेऊन जिनिंगमध्ये बसायचे. ही निब आता काढून ठेवणार, पेनवाले भाऊ, त्याच मापाची दुसरी बसवून द्याल का?

टीपकागदही करून पाहिला. माझ्या शाईतून निळा आणि पिवळट असे दोन पट्टे वर चढले, मधे जांभळी कड. तापीकाठ भाऊंचं पटलं, ओव्यांसाठी रंगकणांची मागवते. पण एक बाटली लोखंडाचीही घेणार आहे, ती पत्रांसाठी. लिहिलेलं रात्रीतून काळं होताना मला एकदा बघायचंय.

आणि मास्तर, काल संध्याकाळी आई भाकरी थापताना तिसरी ओवी गुणगुणली. अर्धीच. हाताशी फक्त पेन्सिल होती, तिनेच कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली.