लायसन्सची पहिली परीक्षा कोणत्या गाडीवर दिलीत?

चोक_ओढा
भाची काल ड्रायव्हिंगची परीक्षा देऊन आली. पास. मी विचारलं, गाडी कोणती होती? म्हणाली, "पांढरी." अगं पांढरी काय, नाव सांग. तर म्हणे, "क्लासची होती, बघितलं नाही." मी गप्पच झालो. मला माझ्या परीक्षेची तारीख आठवत नाही, साहेबांचा चेहरा तर अजिबात नाही, पण चोकचा (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा) नॉब किती बाहेर ठेवला की ती गाडी बंद पडत नसे, ते बोटांना अजून माहीत आहे.

प्रीमियर पद्मिनी, शेजारच्या काकांची. गियरचा दांडा स्टिअरिंगखाली डाव्या हाताला आणि इतका सैल, की दुसरा पडला की चौथा ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची जोडणी असायची. ती झिजली की गियर मध्येच अडकायचा, मग बॉनेट उघडून हाताने सळी हलवायची. काकांनी निघताना एकच मंत्र दिला होता: "अडकला तर घाबरू नकोस, साहेबांना म्हणावं बसा दोन मिनिटं, आणि तू उतर." मी फडकंसुद्धा खिशात ठेवलं होतं. मेली नेमकी त्या दिवशी शहाण्यासारखी वागली.

तुमची कोणती? नुसतं नाव लिहून पळू नका, तिची खोडी पण लिहा.

रविवारची_झोप
मारुती ८००. पुढचा.

अर्धा_क्लच
वरच्यांनी निम्म्या लोकांचं उत्तर देऊन टाकलं 😄
माझी पण ८००च, क्लासची. बाजूला सरांच्या पायाशी पण ब्रेक आणि क्लच. शिकताना माझा क्लच काय मऊ सुटायचा! सर पण म्हणायचे, हात (पाय?) चांगला आहे तुझा. परीक्षेला सर उतरले, साहेब बसले. बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले, मला दिसतील असे. पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी बेडकासारखी निघाली. इतके दिवस क्लच कोण सोडत होतं ते तेव्हा समजलं.

बाराचा_पाना
थोडी भर. नाव ८०० असलं तरी इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पहिली गाडी ग्राहकाला मिळाली डिसेंबर १९८३ मध्ये आणि उत्पादन थांबलं २०१४ च्या जानेवारीत. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, पण गाडी इतकी हलकी की परीक्षेत आठ काढायला (आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवायला) त्रास होत नसे. उभ्या गाडीत चाक वळवायला गेलात तर मात्र खांदे भरून यायचे. जरा सरकू द्यायची, मग वळवायची. हे क्लासमध्ये कोणी सांगत नाही.

रविवारची_झोप
धन्यवाद सर. परीक्षेत हे विचारलं नाही म्हणून पास झालो.

उंबरठा
माझी नाही, आईची सांगते. माझ्या परीक्षेत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.
आईने पन्नाशीत लायसन्स काढलं, बाबांच्या ॲम्बॅसेडरवर. आई उंचीने लहान. पाठीला उशी लावूनही पाय पुरत नव्हते, म्हणून सीट पार पुढे घ्यावी लागे. आता ज्यांनी ती गाडी वापरली आहे त्यांना माहीत असेल, पुढची सीट म्हणजे एकच लांब बाक. सरकला की अख्खा सरकतो. साहेब चांगले उंचेपुरे, येऊन ऐसपैस बसले. आईने खालचा खटका ओढला आणि "एक मिनिट हं" म्हणत सीट पुढे घेतली. साहेबांचे गुडघे डॅशबोर्डला! संपूर्ण परीक्षा त्यांनी घडी घातल्यासारखी बसून घेतली आणि फार लांब नेलं नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, तू नाही पास झालीस, बाक पास झाला.
आई पुढे वीसेक वर्षं तीच चालवत होती. बाबा बाजूला, गुडघे पोटाशी.

चोक_ओढा
उंबरठा, काय सुंदर! आईंना नमस्कार सांगा.

उंबरठा
आई दोन वर्षांपूर्वी गेली, दादा. पण सांगितला असता तर लगेच विचारलं असतं, तो चोकवाला स्वतः गाडी धुतो का? 🙂

चोक_ओढा
अरेरे. माफ करा, ताई. (धुतो. आठवड्यातून एकदा.)

अर्धा_क्लच
❤️ उंबरठा

मागची_काच
पोस्ट वाचून राहवलं नाही. कुकर होईपर्यंत लिहिते.
माझं दुखणं रिव्हर्स गियर. शिकले एकीवर, परीक्षा दुसरीवर, कारण पहिलीचा क्लच आदल्या दिवशी गेला. दुसरी होती ओपेल कोर्सा. तिच्या गियरच्या मुठीखाली एक कडं असतं, ते बोटांनी वर उचललं तरच रिव्हर्स पडतो. मला कोण सांगणार! मी दांडा ढकलतेय, ओढतेय, प्रत्येक वेळी पहिलाच पडतोय आणि मी इंचाइंचाने पुढच्या खांबाकडे चाललेय. शेवटी साहेबांनीच हात पुढे करून कडं उचललं. म्हणाले, "आता टाका." तेवढं चालतं का माहीत नाही, मी विचारलं नाही.
शिट्टी झाली, येते.

जुना_टायर
@मागची_काच आमच्याकडे मामाची बीटल होती, फोक्सवॅगन. तिचा दांडा आधी खाली दाबायचा, मग डावीकडे आणि मागे. अनोळखी माणसाला तिचा रिव्हर्स सापडतच नसे. मामा म्हणायचा, चोराची काळजी नाही, नेली तरी सरळच जाणार.

आजीचा_नातू
आजोबांची डुक्कर फियाट ऐकून माहीत आहे, पुढचे दरवाजे उलटे उघडायचे म्हणे. कोणी तिच्यावर परीक्षा दिली आहे का? फोटो असेल तर टाका प्लीज

परदेशी_पाखरू
माझी पहिली परीक्षा जर्मनीत. तिथे परीक्षेलाही आपला शिक्षकच शेजारी बसतो, त्याच्या पायाशी ब्रेक वगैरे. परीक्षक मागच्या सीटवर. शिक्षकाने पायाने मध्ये पडावं लागलं, की आपण नापास. त्यामुळे पूर्ण वेळ माझं लक्ष रस्त्यापेक्षा त्याच्या बुटांवर. गाडी डिझेलची होती, तेवढं एक बरं. डिझेलला खालचा दम जास्त, ॲक्सिलरेटर न देता नुसता क्लच हळू सोडला तरी चालायला लागते. पेट्रोलच्या छोट्या गाडीत तेच केलं की गचके देऊन बंद. ज्यांची परीक्षा जवळ आली आहे त्यांनी सवय कोणत्या इंजिनावर लावताय ते बघा.

कंटाळा_आला
ऑटोमॅटिक घ्या, सगळे प्रश्न मिटले

परदेशी_पाखरू
मिटत नाहीत हो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. मग भावाची गियरवाली गाडी दारात उभी असून उपयोग नाही.

डावा_पाय
ऑटोमॅटिकचा विषय निघालाच आहे तर. कॅलिफोर्निया. परीक्षेला गाडी आपली आपण आणायची, मी मित्राची मोठी सेडान नेली. निघण्याआधी परीक्षक बाहेरून इंडिकेटर, ब्रेकचे दिवे बघतात, हॉर्न वाजवायला लावतात, हाताचे इशारे करून दाखवा म्हणतात. ते सगळं चोख. मग म्हणाल्या, पार्किंग ब्रेक दाखव. मी दोन सीटच्या मध्ये शोधतोय, तिथे नुसती कप ठेवायची जागा. त्या गाडीत तो डाव्या पायाशी पेडलच्या रूपात असतो हे मित्र सांगायला विसरला होता. म्हणून हे नाव 😅

अर्धा_क्लच
हाताचे इशारे! आमच्याही वेळी होते. उजवा हात खिडकीबाहेर वर-खाली म्हणजे हळू करतोय. आता कोणी केला तर मागचा समजतो आपल्याला "ये पुढे" म्हणतोय.

लुनावाली
गाडी म्हणजे चारच चाकं का? माझी लुना चालेल?

बाराचा_पाना
लुनाला गियर नाही, तिचा वेगळा धागा काढा.

लुनावाली
काढते. तिथे तुम्हाला प्रवेश नाही.

जुना_टायर
😂 मग माझी बजाज चेतक घ्या. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे गाडीचा कल तिकडे. आठ काढताना उजवं वळण आपसूक आणि डावं म्हणजे मनधरणी. शिवाय गियर डाव्या मुठीत. नंतर काकांसारख्या पद्मिनीवर बसलो तर डावा हात सारखा मूठ पिळायला बघायचा.

मागची_काच
आले परत. कोणाला माहीत आहे का, साहेबांनी कडं उचललं ते नियमात बसतं का? आता भीती वाटायला लागली आहे.

कंटाळा_आला
लायसन्स परत मागवतील, ताई

बाराचा_पाना
काही होत नाही. तुम्ही रिव्हर्स घेतलात ना सरळ?

मागची_काच
सरळ म्हणजे तसं सरळच.

आजीचा_नातू
डुक्कर फियाटचा फोटो कोणाकडेच नाही का?