धागा : आइस्क्रीम आणि फ्रोजन योगर्टच्या अनवट चवी – चाखलेल्यांनी अनुभव लिहावेत

आंबा, सीताफळ आणि केशर-पिस्ता यांच्याविषयी आपण सगळेच भरभरून बोलतो. या धाग्यात मात्र अशा चवीविषयी लिहावे, जिचे नाव फलकावर वाचल्यावर मागवावी की नको असा प्रश्न पडला होता आणि तरीही जी मागवून पाहिली. ‘छान होते’ किंवा ‘आवडले नाही’ एवढीच नोंद पुरेशी होणार नाही. पहिल्या चमच्याला काय लागले, घास उतरल्यावर मागे काय रेंगाळले आणि पुन्हा मागवाल का, हे सविस्तर लिहिले तर पुढे चाखणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

चर्चेसाठी एक गोष्ट आधीच मांडून ठेवतो. गारठलेल्या जिभेला गोडी कमी कळते, म्हणून आइस्क्रीमच्या मिश्रणात साखर सढळ हाताने घालावी लागते आणि तेच आइस्क्रीम वितळले की अती गोड लागते. मिरची, मीठ, मसाला किंवा आंबटपणा यांना एवढ्या साखरेसमोर उभे राहायचे असते. माझे मत असे आहे की अनवट चव तेव्हाच टिकते, जेव्हा दूध, साखर आणि गारवा या तिघांशी तिचे जमते. केवळ चकित करण्यासाठी घातलेला पदार्थ दुसऱ्या चमच्यापर्यंतही तग धरत नाही. हे पटत नसेल, तर तेही अनुभवाच्या आधारे अवश्य लिहावे.

गिरगाव, मुंबई

चौपाटीजवळच्या बॅचलर्स या दुकानात हिरव्या मिरचीचे आइस्क्रीम मिळते, हे मुंबईकरांना सांगायला नको. पण ज्यांनी ते केवळ पैजेखातर खाल्ले, त्यांनी एकदा शांतपणे खाऊन पाहावे. पहिला चमचा जवळजवळ निव्वळ दुधाळ आणि गोड लागतो. मिरचीचा हिरवा, कच्चा वास येतो, तिखटपणाचा मात्र पत्ता नसतो. घास उतरल्यावर घशाच्या मागच्या बाजूला चटका बसतो, तो शमवायला हात आपोआप पुढच्या चमच्याकडे जातो, आणि तो चमचा आधीचा चटका विझवून नव्याची तयारी करून ठेवतो. कप संपेपर्यंत हे चक्र चालू राहते. मी ते पुन्हा मागवतो आणि पाहुण्यांनाही आवर्जून खायला नेतो.

पेरूच्या आइस्क्रीमवर तिखट-मीठ भुरभुरून देण्याची पद्धत आता बहुतेकांना परिचित आहे. तिथे तिखट वरच असल्यामुळे ते आधी लागते आणि पेरू मागून येतो. क्रम नेमका उलटा. शाळेबाहेरच्या गाडीवर फोडींना तिखट-मीठ लावून खाल्लेला पेरू ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना ही चव अनवट वाटतच नाही.

आणंद, गुजरात

मी दुग्धव्यवसायात काम करतो, म्हणून वरच्या अनुभवामागचे कारण लिहितो. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो, ते कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्धांशात मात्र सहज विरघळते. आइस्क्रीममध्ये ते दुधाच्या स्निग्धांशात अडकून बसते आणि तोंडात आइस्क्रीम वितळू लागल्यावरच हळूहळू मोकळे होते. शिवाय गारव्यामुळे तिखटाची जाणीवही मंदावलेली असते. दुधातले केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते, म्हणून पुढचा चमचा आधीचा चटका शमवतो.

आपल्याकडच्या नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. वनस्पती तेल वापरले असेल, तर तो पदार्थ ‘फ्रोजन डेझर्ट’ म्हणून विकावा लागतो. अनवट चवी चाखणाऱ्यांनी डब्यावरचा हा उल्लेख वाचायची सवय लावावी. लोणी तोंडाच्या उष्णतेने चटकन वितळते; वितळायला जास्त उष्णता लागणारे तेल वापरले असेल, तर टाळ्यावर मेणचट थर राहतो आणि त्याखाली नाजूक सुगंध दबून जातो.

खारट चवींची अडचण वेगळीच आहे. साखर मिश्रणाचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून आइस्क्रीम चमच्याने काढण्याइतके मऊ राहते. साखर कमी करून चव खारी ठेवायला गेलात, तर मिश्रण दगडासारखे घट्ट होते. मीठ वाढवले तर ते मऊ होते, पण तोंडात धरवत नाही. यावर तोड म्हणून कमी गोडीची डेक्स्ट्रोजसारखी शर्करा वापरतात.

याच संदर्भात ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. धूर दिलेल्या सामन माशाचे आइस्क्रीम दोन गटांना दिले गेले. पदार्थ एकच होता. एका गटाला तो आइस्क्रीम म्हणून दिला आणि दुसऱ्याला गोठवलेले, गोड नसलेले मूस (फेटून हलका केलेला मऊ पदार्थ) म्हणून. आइस्क्रीम समजून खाणाऱ्यांना तो अधिक खारट आणि अतिशय नावडता वाटला, दुसऱ्या गटाने तो बऱ्यापैकी स्वीकारला. म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या चमच्यावरून निकाल देऊ नये. तो चमचा बराचसा आपल्या अपेक्षेशीच झगडण्यात जातो.

ओसाका, जपान

शोदोशिमा हे सेतो समुद्रातले बेट सोया सॉसच्या जुन्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या मारुकिन सोया सॉसच्या संग्रहालयात सोया सॉसचे सॉफ्ट आइस्क्रीम मिळते. रंग फिकट बदामी असतो. मी सोया सॉस म्हणजे नूडल्सवर ओततात तो काळा, खारट द्रव या समजुतीने गेले होते, पण पहिल्याच चमच्याला लागले ते जवळजवळ कॅरमेल, आणि त्याच्या मागोमाग मिठाची एक बारीकशी धार. सोया सॉस मुरताना त्यात भाजल्यासारखा खमंगपणा येतो, तो दुधाच्या गोडीत मिसळून जातो आणि मीठ त्या गोडीला आवर घालते. इथे वाचलेल्या सगळ्या चवींपैकी एकच चाखायची संधी मिळाली, तर हीच चाखावी असे मी मनापासून सांगेन.

आझुमिनोमधल्या दाइओ वासाबी फार्मचे वासाबी (झणझणीत जपानी कंद) आइस्क्रीम त्यापेक्षा पुष्कळ सौम्य निघाले. वासाबीचा झणका वाफेसारखा उडून नाकात जातो, आणि थंडीत तो उडतच नाही. उरतो तो ताज्या मुळ्याची आठवण करून देणारा हिरवा स्वाद. दुसरीकडे एके ठिकाणी साध्या आइस्क्रीमवर तिथल्या तिथे किसलेली वासाबी घालून मिळाली, तेव्हा नाकात खऱ्या झिणझिण्या आल्या. वासाबी वरूनच घालावी, मिश्रणात नको, या मताला मी आले आहे.

नागपूर

धागा सुरू करणाऱ्यांच्या मताला दुजोरा देणारा, पण मनस्ताप देऊन गेलेला अनुभव लिहितो. थंड तव्यावर दूध पसरून आइस्क्रीमच्या सुरळ्या करून देणाऱ्या एका दुकानात वडापावाचे आइस्क्रीम मिळत होते. गरम वडा, पाव आणि लसणाची चटणी तव्यावर कुटून त्यावर गोड मिश्रण ओतले गेले. वडापावाचे सगळे सुख गरमपणात आहे. थंड झाल्याबरोबर बटाटा पिठूळ झाला, बेसनाच्या आवरणातले तेल थिजून ओठांना चिकटू लागले आणि कुरकुरीतपणाचा मागमूस राहिला नाही. पाव तर ओल्या कागदासारखा झाला होता. आजूबाजूला सगळे चित्रीकरण करण्यात गुंतले होते आणि कागदी वाट्या अर्ध्या भरलेल्याच टोपलीत जात होत्या. अन्नाची अशी नासाडी पाहून मला खरोखर वाईट वाटले.

हेलसिंकी, फिनलंड

इथे साल्मिआक्की नावाची काळी, खारट गोळी आबालवृद्ध खातात आणि तिचेच काळसर करडे आइस्क्रीमही सहज मिळते. त्यात ज्येष्ठमध असतो, तो आपल्या ओळखीचा आहे. पण खरी चव असते अमोनियम क्लोराइडची, म्हणजे आपल्या नवसागराची. लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकताच पांढरा धूर उठायचा आणि नाकात चरचरायचे. आइस्क्रीम जिभेवर ठेवताच मला आधी तोच धूर आठवला. पहिल्या चमच्याला जिभेच्या कडा आकसल्यासारख्या होतात, मग खारटपणा येतो, आणि सगळ्यात शेवटी ज्येष्ठमधाची लांबत जाणारी गोडी उरते. गोळीपेक्षा आइस्क्रीम सुसह्य आहे, कारण दूध त्या चरचरीला बोथट करते. इथे जन्मलेली माझी मुलगी ते मिटक्या मारत खाते आणि माझ्यासाठी मुद्दाम दोन चमचे ठेवते. मलाही आता ते आवडू लागले आहे, पण एका वेळी तेवढेच.

इस्तंबूल (वास्तव्य संपून आता ठाण्यात)

थोडक्यात लिहितो. तुर्की दोंदुर्मा, म्हणजे तिथले आइस्क्रीम, चिवट असते, कारण तिच्यात सालेप म्हणजे रानटी ऑर्किडच्या कंदांचे पीठ आणि मस्तकी नावाचा झाडाचा डिंक असतो. मस्तकीला देवदारासारखा वास आहे. ज्यांना धूप-ऊद यांचा वास प्रिय आहे, त्यांना ती आवडेल. मूळच्या मराश या शहराच्या पद्धतीची घट्ट दोंदुर्मा सुरी-काट्याने खातात, आणि ती चावून खाण्यातच खरी गंमत आहे.

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

आमच्याकडून दक्षिणेला गिलरॉय हे लसणाचे गाव आहे. तिथे १९७९ साली सुरू झालेल्या लसूण महोत्सवामुळे लसणाचे आइस्क्रीम प्रसिद्ध झाले. व्हॅनिलासारख्या गोडीतून लसूण डोकावतो आणि नंतर बराच वेळ तोंडात राहतो. वाईट नाही; पण दूध आणि लसूण एकमेकांपाशी नुसते उभे असतात, मिसळत नाहीत. पुन्हा मागवणार नाही.

फ्रोजन योगर्टविषयी मात्र मला आस्थेने लिहायचे आहे, कारण इथल्या मराठी घरांतली मुले श्रीखंडाइतक्याच आवडीने ते खातात. २००५ साली लॉस एंजेलिस परिसरात पिंकबेरी हे फ्रोजन योगर्टचे दुकान सुरू झाले, आणि त्यानंतर इथे आंबट चवीच्या फ्रोजन योगर्टची लाट आली. त्याआधी बहुतेक ठिकाणचे योगर्ट इतके गोड असे की ते दह्याचे आहे हे सांगावे लागे. साध्या, आंबट योगर्टला मी सगळ्यात वरचे स्थान देतो. त्यात दडायला जागा नसते. विरजण चांगले असेल तर कळते आणि नसेल तर तेही कळते.

दुकानांत जांभळ्या रंगाचे टॅरो योगर्ट असते. टॅरो म्हणजे आपली अळकुडी. माझ्या आईला हे सांगितले तेव्हा उपासाच्या भाजीचे आइस्क्रीम कोण खाते, असा तिचा पहिला प्रश्न होता. चाखल्यावर मात्र तिने तोच कप पूर्ण संपवला. भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा आणि थोडासा व्हॅनिलासारखा अळकुडीचा स्वाद असतो. पण गडद जांभळा रंग पाहून भुलू नये. अळकुडीचा गर पांढरट असतो आणि त्यात जांभळे ठिपके किंवा रेषा असतात. शिजवल्यावर तो जेमतेम राखाडी-जांभळा होतो. भडक रंग बहुधा बाहेरून आलेला असतो. एका तैवानी दुकानात खऱ्या कंदाचे, रवाळ आणि फिक्या रंगाचे टॅरो आइस्क्रीम मिळाले. तेव्हापासून पुडीतल्या भुकटीचे योगर्ट मला खाववत नाही.

विलेपार्ले, मुंबई

कोणती चव अनवट, हे काळाप्रमाणे बदलते, म्हणून थोडे जुने लिहिते. रघुनंदन कामत यांनी १९८४ साली जुहूला नॅचरल्सचे पहिले दुकान काढले, तेव्हा गिऱ्हाईक यावे म्हणून आइस्क्रीमच्या जोडीला पावभाजीही ठेवली होती. व्हॅनिला, स्ट्रॉबेरी आणि चॉकलेटच्या त्या दिवसांत सीताफळाचे आइस्क्रीम हीच नवलाई होती. पुढे फणस आणि शहाळे आले. फणसाचा वास घरातल्या निम्म्या लोकांना सोसत नाही, पण गारव्यात तो उग्रपणा उतरतो आणि गऱ्याचा मधाळपणा तेवढा राहतो. शहाळ्याच्या आइस्क्रीममध्ये मऊ मलईचे तुकडे दाताखाली येतात, तो पोत मला चवीइतकाच महत्त्वाचा वाटतो. आज यांपैकी एकाही चवीला कोणी अनवट म्हणणार नाही.

सावंतवाडी

घरच्या प्रयोगाविषयी लिहिते, म्हणजे इतरांना करून पाहता येईल. कोकमाचे आइस्क्रीम करायला बसल्यावर पहिली अडचण अशी येते की आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, थेट दुधात घातले की दूध फाटते. यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे दुधाऐवजी नारळाचा घट्ट रस घेणे. रंग सोलकढीसारखा सुरेख गुलाबी येतो, पण आगळात मीठ असते. ते जास्त झाले तर मिश्रण नीट धरत नाही, म्हणून बिनमिठाचे आगळ किंवा साखरेत मुरवलेले अमृत कोकम वापरावे.

दुसरी वाट मला अधिक आवडते, ती चक्क्याची. दही आधीच आंबट असल्यामुळे त्यात कोकम फाटण्याचा प्रश्नच उरत नाही. दही रात्रभर पंच्यात टांगून ठेवावे, चक्का पुरणयंत्रातून काढावा आणि अमृत कोकम घालून घोटावा. गोडी तोंडाला किंचित जास्त वाटली पाहिजे, कारण गोठल्यावर ती उतरते. डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावे आणि कडा धरू लागल्या की दर अर्ध्या तासाने बाहेर काढून जोरात घोटावे, नाहीतर बर्फाचे खडे होतात. चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड अगदी शेवटी घालावी.

खाण्यापूर्वी डबा दहा मिनिटे बाहेर ठेवावा. थेट फ्रीजरमधून काढून खाल्ले, तर आधी फक्त आंबट लागते. थोडे मऊ झाल्यावर कोकमाची फळासारखी गोडी पुढे येते आणि जिरे शेवटी जाणवते. आमच्याकडे गणपतीत जेवणानंतर मी हे वाढते, आणि ज्यांना सोलकढी आवडत नाही, तेही मागून घेतात. आल्याच्या रसाचे दोन थेंब घातले तर आणखी खुलते, पण आले ताजे आणि कोवळे हवे. जून आल्याचा रस चक्क्याला कडवटपणा आणतो.