मदत हवी आहे: रिपोर्टात ‘टार्गेट सेल्स’ आणि ‘टिअरड्रॉप’ लिहून आलंय

अवनी_क
ताईच्या रक्ताचा रिपोर्ट काल संध्याकाळी हातात आला. खाली शेरा आहे: ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक, पॉइकिलोसायटोसिस, टार्गेट सेल्स ++, क्वचित टिअरड्रॉप’. डॉक्टर सोमवारी भेटणार. टिअरड्रॉप शोधलं तर मायलोफायब्रोसिस येतंय. म्हणजे कॅन्सरच ना? रात्रभर झोप नाही. कोणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा.

सांजपाखरू
वय? हिमोग्लोबिन? एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार? नुसत्या शेऱ्यावरून कोणी काय सांगणार?

निवांत_माणूस
माझ्याही रिपोर्टात पॉइकिलोसायटोसिस होतं. बी12 कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, काही महिन्यांत सगळं नॉर्मल. सोमवारची वाट बघू नका, बी12 सुरू करा.

काचपट्टी
निवांत, बी12 कमी असलं की पेशी मोठ्या होतात. इथे मायक्रोसायटिक लिहिलंय, म्हणजे लहान. उगाच इंजेक्शनं टोचायला सांगू नका.

अवनी, मी रोज स्लाइडी बघते म्हणून लिहिते. पॉइकिलोसायटोसिस हे आजाराचं नाव नाही, पेशींचे आकार वेडेवाकडे आहेत एवढाच त्याचा अर्थ. चांगली तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची, कडेला लाल आणि मधे साधारण एक तृतीयांश फिकट दिसते. टार्गेट सेलमधे त्या फिकट भागाच्या मधोमध पुन्हा एक लाल ठिपका असतो, नेमबाजीच्या फळीसारखा. आत हिमोग्लोबिन कमी आणि बाहेरचं आवरण त्या मानाने मोठं, अंगापेक्षा सदरा ढगळ व्हावा तसं. थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार), यकृताचे आजार, प्लीहा काढलेली असणं, कधीकधी लोहाची कमतरता, यांत त्या दिसतात.

टिअरड्रॉप, म्हणजे थेंबासारख्या शेपटीच्या पेशी, मायलोफायब्रोसिसमधे असतात हे खरं, पण थॅलेसेमियातही असतात. आणि स्लाइड ओढतानाही होतात. सगळ्या शेपट्या एकाच दिशेला असतील तर तो हाताचा दोष, रक्ताचा नाही.

वळणवाट
माझ्या वडिलांच्या रिपोर्टात शिस्टोसाइट्स होत्या, तुटलेल्या पेशी, शिरस्त्राणाच्या आकाराच्या. हृदयात धातूची झडप आहे, तिच्या कडेने रक्त गळत होतं आणि पेशी त्या झोतात चिरडत होत्या. ताईंची हृदयाची तपासणी करून घ्या.

काचपट्टी
वळणवाट, वडिलांची काळजी समजते, पण हिच्या रिपोर्टात शिस्टोसाइट्स नाहीत. त्या असत्या आणि प्लेटलेट्सही कमी असत्या, तर मीच म्हटलं असतं की सोमवारपर्यंत थांबू नका.

दत्तू_पाटी
लहान आणि फिकट पेशी म्हणजे लोह कमी, यात एवढा खल कशाला? बायकोला तेच होतं. तीन महिने गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन वर आलं.

काचपट्टी
लोह कमी असताना जास्त करून लांबुळक्या पेन्सिल सेल्स दिसतात. टार्गेट सेल्सना ‘++’ आलं तर मी आधी थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे नुसतं वाहक असण्याचा, विचार करते.

दत्तू_पाटी
विचार करता, म्हणजे खात्री नाही. गोळ्यांनी नुकसान तर होत नाही ना?

काचपट्टी
होऊ शकतं. लोह कमी नसताना वर्षानुवर्षं घेतलं तर ते शरीरात साठतं. आधी फेरिटिन बघावं, त्यावरून लोहाचा साठा कळतो. अवनी, आकडे द्या हो.

अवनी_क
सॉरी. वय 27. हिमोग्लोबिन 10.4, एमसीव्ही 62, आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) 5.6 मिलियन. लोहाच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत, फरक शून्य.

काचपट्टी
हे पहिल्याच पोस्टमधे हवं होतं! एमसीव्हीला आरबीसीने भागा: 62 भागिले 5.6, म्हणजे 11. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात. 13च्या खाली आला तर कल थॅलेसेमिया मायनरकडे, वर गेला तर लोहाच्या कमतरतेकडे. हा नुसता अंदाज आहे, निदान नाही. लोह कमी असलं की पेशींची संख्याही सहसा घटते. इथे हिमोग्लोबिन कमी आणि पेशी मात्र भरपूर. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी, करून हिमोग्लोबिन ए2 बघा. 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक तेच.

ग्रंथकीट
आकारांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. विळ्यासारख्या पेशींचं पहिलं वर्णन 1910 साली हेरिक यांनी छापलं आणि दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 साली दाखवलं. सिकल सेलचीही तपासणी करा.

काचपट्टी
त्याच एचपीएलसीत तेही कळेल, वेगळं करायला नको.

सांजपाखरू
अवनी, मुळात हा रिपोर्ट काढला कशासाठी?

अवनी_क
ताईला दिवस गेलेत, 10वा आठवडा आहे. नेहमीच्या तपासण्यांत निघालं. त्याचा इथे काय संबंध?

काचपट्टी
सगळा संबंध त्याच्याशीच आहे. ताईला मायनर असेल तर तिला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. पण भावोजीही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता 25 टक्के. मेजर म्हणजे जन्मभर रक्त चढवणं. सोमवारची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा आणि दोघांचं एचपीएलसी बरोबरच करून घ्या. भावोजीही वाहक निघाले तर बाळाची तपासणी 11 ते 14 आठवड्यांत वारेचा बारीकसा तुकडा घेऊन करता येते. हातात दिवस आहेत, पण मोजकेच.

दत्तू_पाटी
हे माहीत नव्हतं. गोळ्यांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.

अवनी_क
डॉक्टरांशी बोलले, त्यांनीही हेच सांगितलं. दुपारी दोघांनी रक्त दिलं, रिपोर्ट तीन दिवसांनी. भावोजी गप्प आहेत, ताई त्यांनाच धीर देतेय.

आईच्या कपाटातली फाईल काढली. तिचा 20 वर्षांपूर्वीचा रिपोर्ट मिळाला, कागद पार पिवळा पडलाय. एमसीव्ही 64. तेव्हापासून आई लोहाच्या गोळ्या घेतेय.

काचपट्टी
आईंचं फेरिटिन करून घ्या. आणि अवनी, तुमचा स्वतःचा एमसीव्ही किती आहे?