सध्या काय वाचताय आणि नुकतं काय संपवलंत?

जुनीवही
विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' परवा वाचून संपवलं. लगेच लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेतलं, ते अजून निम्मंही झालेलं नाही. दोन्ही एकापाठोपाठ वाचताना जे जाणवलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

गोडसे भटजी वरसईहून काकांबरोबर निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत महूजवळ शिपायांकडून १८५७च्या बंडाची कुणकुण लागते, तरी दोघं पुढेच जातात, आणि पुढे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडतात. इतिहास लिहावा असं त्यांच्या मनातही नव्हतं. म्हणूनच की काय, एरवी कुणी टिपणार नाही असं बरंच त्यांच्या नजरेला पडलंय. झाशीच्या लुटीत तिथल्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याबद्दल ते इतकं कळवळून लिहितात की मला पुढचं पान उलटवेना. आणि इतकं सगळं सोसून, लुटला जाऊन हा माणूस घरी काय आणतो, तर आईवडिलांना स्नान घालायला गंगेचं पाणी!

मग 'स्मृतिचित्रे' उघडलं, तर तिथेही सुरुवातीलाच १८५७. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना बंडाच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! त्या सोवळ्याखाली सगळं घर कसं भरडून निघालं, ते बाई अशा सहज सांगतात की हसू येतं आणि पुढच्याच ओळीला घसा दाटतो. एका पुस्तकात बंड डोळ्यांदेखत घडतं, दुसऱ्यात ते पुढच्या पिढीच्या स्वयंपाकघरात शिरलेलं दिसतं.

तुमचं काय चाललंय? लेखक व्हायचं म्हणून न लिहिलेल्या माणसांचं काही हाताशी असेल तर आधी ते सांगा.

पानगळ
'माझा प्रवास'ची कुठली आवृत्ती वाचलीत? चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली छापली ती त्यांनी संस्कार केलेली आहे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणला. माझं प्रामाणिक मत, मूळ पाठच वाचावा. भाषा सुरुवातीला अडते, पण भटजींचा स्वतःचा आवाज तिथेच आहे.

माझ्याकडे सध्या इरावती कर्व्यांचं महाभारतावरच्या लेखांचं 'युगान्त', दुसऱ्यांदा. 'मयसभा' या लेखातलं खांडववन जाळण्याचं प्रकरण वाचून झालं की अर्जुन-कृष्णांकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. विदुर हाच धर्माचा, म्हणजे युधिष्ठिराचा, पिता असावा हा कर्व्यांचा तर्क मात्र मला अजून पटलेला नाही. नंतर दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' घेणार आहे. त्याच महाभारताकडे कर्वे समाजशास्त्रज्ञाच्या करड्या नजरेने बघतात आणि दुर्गाबाई कवीच्या मनाने, त्यामुळे दोन्ही लागोपाठच वाचावीत.

रानवाट
मी दुर्गाबाईंचंच 'ऋतुचक्र' वाचतेय, तेही महिन्यागणिक. चैत्रात चैत्राचा लेख, वैशाखात वैशाखाचा. पुढचं पान खुणावतं, पण थांबते. वाचलेलं झाड त्याच महिन्यात बाहेर दिसलं की पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटतं. नुकतंच संपवलेलं असं काही नाही.

उंबरठा
जुनीवही, तुम्ही मागितलंत तसं एक पुस्तक आहे, बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. गेल्याच आठवड्यात संपवलं. बाई दुकानात बसून, नवऱ्याच्या नकळत लिहीत राहिल्या. वह्या लपवून ठेवलेल्या. ते लेखन आधी 'स्त्री' मासिकात आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. त्यात 'मी' फार कमी आहे, 'आम्ही' जास्त. महारवाड्यातल्या बायकांची भूक, बाळंतपणं, सासुरवास, आणि मग बाबासाहेबांच्या हाकेने उभा राहिलेला माणूस. सासरी सुनेचे हाल होतात ती पानं वाचवत नाहीत, पण ती टाळू नका. दारिद्र्याबद्दल बाहेरून कळवळा दाखवणारं खूप वाचलंय, हे आतून आलेलं आहे.

जुनीवही
उंबरठा, मनापासून आभार. हेच हवं होतं. लक्ष्मीबाईही लग्नानंतर अक्षरं शिकल्या आणि 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून पुढे आले, तेव्हा त्यांची साठी उलटलेली होती. दोघींना शेजारी ठेवून वाचावं असं तुमचं लिहिणं वाचताना वाटलं. एकीने सोवळं आतून भोगलं, दुसरीने त्याच सोवळ्याचा विटाळ बाहेरून सोसला. ते शेजारीपण मला सोपं जाणार नाही, पण 'स्मृतिचित्रे' झालं की तेच घेते.

पानगळ, माझी प्रत वैद्यांचीच. पोतदारांची मिळवते आणि झाशीचा भाग आधी ताडून बघते. विदुराबद्दल तुमचं म्हणणं जरा सविस्तर लिहाल का? मला तो तर्क पटलेला आहे, त्यामुळे वाद घालायला आवडेल.