पीएला ‘अर्धा डॉक्टर’ म्हणणाऱ्यांसाठी

होटगीरोडकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘नीटमध्ये मार्क न पडलेल्यांनी फिजिशियन असिस्टंटची पदवी घेऊन अर्धा डॉक्टर होऊ नये.’ डोक्यात तिडीकच गेली. माझी भाची चेन्नईत पीए, म्हणजे हाच फिजिशियन असिस्टंटचा, डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या मदतनीसाचा कोर्स शिकली. देशात हा कोर्स तिथंच, मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ मध्ये सुरू केला. आज ती हिस्टरी घेते, राउंडच्या नोट्स लिहिते, बायपासच्या वेळी पेशंटच्या पायातली शीर काढून देते. निर्णय सर्जनचा, सहीही सर्जनची. यात अर्धं काय?

सिव्हिलवाला: अमेरिकेत १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठानं हे काढलं तेव्हा नौदलातून आलेले अनुभवी मदतनीस घेतले होते. इथं बारावीचं पोर घेताय. आणि सहीचं म्हणाल तर रात्री दोनला सर्जन घरी असतो.

रात्रपाळी_आरएमओ: रात्री दोनला सोलापुरातल्या खासगी हॉस्पिटलात कोण असतं ते मी सांगतो. आम्ही, बीएएमएस-बीएचएमएसवाले, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकलोय. आता मालक म्हणणार, पीए स्वस्तात मिळतो, तुम्ही निघा.

सिव्हिलवाला: तुम्ही तर बोलूच नका. तुमच्यातल्या होमिओपॅथांनी सीसीएमपी हा आधुनिक औषधांचा वर्षभराचा कोर्स करून ॲलोपॅथी लिहायची! माझ्या काकूला साध्या सर्दीवर स्टेरॉइड टोचलं तुमच्यातल्याच एकानं. शुगर चारशेपार गेली.

रात्रपाळी_आरएमओ: आणि माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा करमाळ्याकडच्या आमच्या गावात एमबीबीएस होता कुठं? होमिओपॅथच उठून आला. ॲस्पिरिन चघळायला लावली, स्वतः गाडीत बसून बार्शीपर्यंत आला. वडील आज शेतात जातात. काकूचं वाईट वाटतं, पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

सिव्हिलवाला: त्या माणसाला नमस्कार. कायदा मात्र एका चांगल्या माणसावर चालत नाही.

होटगीरोडकर: अहो, धागा पीएचा आहे! तुमची होमिओपॅथीची भांडणं वर्षानुवर्षं चाललीत, ती दुसरीकडं न्या.

बारावीची_आई: मला कुणी सरळ सांगेल का? एक एजंट घरी येऊन म्हणतो, ‘डॉक्टरसारखंच आहे, पुढं अमेरिकेत नोकरी.’ मुलगी हरखून गेलीय.

होटगीरोडकर: ताई, अमेरिकेचं खोटं आहे. तिथं पीएला मास्टर्स लागतं, तेही तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातलं, मग वेगळी परीक्षा. इथली बी.एस्सी. दाखवून लायसन्स मिळत नाही. पण २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात या व्यवसायाची नोंद आहे. कॉलेजला स्वतःचं मोठं हॉस्पिटल आहे का, इंटर्नशिपचं वर्ष कुठल्या वॉर्डात जातं, हे मागच्या बॅचच्या पोरांना विचारा. एजंटला नको.

सिव्हिलवाला: इतकं मान्य. स्वतःची पाटी लावणार नसतील तर माझी हरकत नाही. पण हॉस्पिटलवाले त्यांना पांढरा कोट घालून ‘डॉक्टर आले’ म्हणतात, ते आधी बंद करा.

रात्रपाळी_आरएमओ: आणि पगार? त्यावर कुणीच बोललं नाही.