अनुभव धागा : मार्क फिड्रिचचा खांदा

धागाकर्ता
मार्क फिड्रिच, अमेरिकी बेसबॉलमधल्या डेट्रॉइट टायगर्स संघाचा उजव्या हाताचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. १९७६चा मोसम सुरू झाला तेव्हा वय २१. १९ विजय, ९ पराभव, ईआरए (पिचरच्या खात्यावर नऊ इनिंगमागे पडणाऱ्या धावा) २.३४ म्हणजे त्या वर्षी अमेरिकन लीगमधला सर्वांत कमी. ऑल-स्टार सामन्यात पहिला पिचर तोच होता आणि 'रूकी ऑफ द इयर' (सर्वोत्तम नवोदित) ही तोच. ऑक्टोबर १९८०मध्ये मेजर लीगमधला शेवटचा सामना. पाच मोसमांत मिळून ५८ सामने, त्यांतले ३१ पहिल्याच वर्षातले. चेंडूशी बोलणारा, गुडघ्यावर बसून माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) हाताने सारखा करणारा 'द बर्ड' (त्याचं टोपणनाव) यावर भरपूर लिहून झालं आहे. इथे त्याच्या हाताबद्दल, तो इतक्या लवकर का निकामी झाला याबद्दल लिहूया. पिचिंग, प्रशिक्षण, फिजिओथेरपी, स्कोअरिंग यांतलं काम ज्यांच्या अंगवळणी पडलं आहे त्यांनी जरूर लिहावं. आठवणींपेक्षा तपशील हवेत.

स्कोअरर, पुणे
त्या काळी पिचची, म्हणजे टाकलेल्या चेंडूंची, अधिकृत मोजणी नव्हती, त्यामुळे अंदाजच बांधावा लागतो. वापरात असलेलं सूत्र असं: समोर आलेले फलंदाज गुणिले ३.३, अधिक स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) गुणिले १.५, अधिक वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस) गुणिले २.२. फिड्रिचसमोर १९७६मध्ये सुमारे १००० फलंदाज आले. स्ट्राइकआउट ९७, वॉक ५३. बेरीज ३,५६०च्या आसपास येते. त्याने सुरू केलेले सामने २९, म्हणजे सामन्यामागे १२०हून जास्त पिच. वॉर्म-अपचे वेगळे.

शिवाय ही झाली सरासरी. त्या २९पैकी २४ सामने त्याने शेवटपर्यंत एकट्याने टाकले. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला तर लागोपाठ दोन सामने ११-११ इनिंगचे (एरवी सामना नऊ इनिंगचा) झाले आणि दोन्ही त्यानेच संपवले. मोसमाच्या २५० इनिंग भरल्या तेव्हा तो नुकता २२चा झाला होता.

बेसबॉल प्रशिक्षक, जळगाव
आकडे मान्य, पण एक बाजू राहिली. इतक्या इनिंगमध्ये ९७ स्ट्राइकआउट फार कमी आहेत. तो फलंदाजाला चकवत बसायचा नाही. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर ठेवायचा आणि जमिनीलगत फटका मारायला लावायचा. २८ जून १९७६चा यँकीजविरुद्धचा गाजलेला सामना १ तास ५१ मिनिटांत आटोपला, ५-१. फलंदाजामागे साडेतीन पिच हा किफायतशीर हिशेब आहे. त्यामुळे सगळा दोष १९७६च्या पिचसंख्येवर टाकणं मला पटत नाही. खरी चूक १९७७ची आहे.

क्रीडा फिजिओथेरपिस्ट, ठाणे
जळगावकरांशी सहमत. क्रम बघा. मार्च १९७७, लेकलँडचं सराव शिबिर. आउटफिल्डमध्ये झेल घेताना मस्ती करत उडी मारली आणि गुडघ्याची कूर्चा फाटली. मार्चअखेर शस्त्रक्रिया, मेअखेर पुन्हा माउंडवर. जुलैच्या सुरुवातीला बाल्टिमोरविरुद्ध टाकताना हात एकदम 'मेला'.

पिचचा जोर खांद्यात तयार होत नाही. मागच्या पायाचा रेटा, पुढच्या पायाचं घट्ट रोवणं, मग कंबर, मग धड, आणि सगळ्यात शेवटी हात. दोन्हीपैकी कुठलाही गुडघा कच्चा असला की खालून येणारा जोर घटतो आणि पिचर नकळत तो हाताने भरून काढतो. चेंडू टाकताना दंडाचं आतल्या बाजूला फिरणं सेकंदाला सुमारे ७,००० अंशांपर्यंत जातं. चेंडू सुटल्यावर हा वेग थांबवण्याचं काम रोटेटर कफच्या (खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि स्नायूबंध) मागच्या छोट्या स्नायूंचं असतं. कफ फाटतो तो बहुधा या थांबवण्याच्या कामात.

'डेड आर्म' या तक्रारीत मोठी कळ येईलच असं नाही. हात जड होतो, वेग पडतो, चेंडू वर राहतो. आठवडाभर विश्रांती घेतली की बरं वाटतं, कारण बाकीचे स्नायू भार उचलतात. पूर्ण जोर लावला की पुन्हा तेच. फिड्रिचचं असंच चाललं: १९७८मध्ये ३ सामने, १९७९मध्ये ४, १९८०मध्ये ९.

रेडिओलॉजी तंत्रज्ञ, नागपूर
निदान का झालं नाही, हे कळण्याजोगं आहे. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, स्नायूबंध दिसत नाही. तेव्हा आर्थ्रोग्राम व्हायचा: सांध्यात रंगद्रव्य टोचायचं आणि ते वरच्या पोकळीत गळतं का ते बघायचं. कफ आरपार फाटला असेल तरच ते गळतं. अर्धवट फाटलेला, विशेषतः वरच्या बाजूने, सहज निसटतो. एमआरआय रोजच्या वापरात नव्हता. हाडांचे शल्यविशारद डॉ. जेम्स अँड्र्यूज यांना फाटलेला कफ सापडला १९८५मध्ये. फिड्रिच त्याआधीच, १९८३मध्ये, पॉटकेटच्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालची पातळी) संघातून खेळणं थांबवून बसला होता.

मिशिगनहून एक वाचक
१९७६मधलाच एक योगायोग सांगावासा वाटतो. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरात उजव्या हाताचा स्नायूबंध काढून बसवला. तो परतला १९७६मध्ये, फिड्रिचच्याच मोसमात, आणि पुढे १६४ सामने जिंकला. कोपराला वाट सापडली होती, खांद्याला नव्हती. खांद्याची दुरुस्ती आजही कोपराइतकी भरवशाची नाही.

आणि गर्दीचं विसरू नका. १९७६मध्ये टायगर्सच्या घरच्या मैदानावर वर्षभरात साडेचौदा लाखांवर प्रेक्षक आले. त्यातले सहा लाखांवर फिड्रिचच्या १८ सामन्यांना. असा खेळाडू बाकावर बसवायला फार मोठं मन लागतं.

बेसबॉल प्रशिक्षक, जळगाव
१९७७ची चूक म्हणालो ती ही: शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत परतलेल्या पिचरने ११ सामने सुरू केले आणि त्यातले ७ शेवटपर्यंत टाकले. चढती पायरी नाहीच. २२ वर्षांच्या पोराला स्वतःहून थांबता येत नाही, थांबवणारं कुणीतरी लागतं.

मुलं शिकवणाऱ्यांसाठी आजचे अमेरिकी 'पिच स्मार्ट' या मार्गदर्शक सूचनांतले आकडे: दिवसाला ९-१० वयाला कमाल ७५ पिच, ११-१२ला ८५, १३ ते १६ला ९५, १७-१८ला १०५. चौदापर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस सुट्टी.

क्रीडा फिजिओथेरपिस्ट, ठाणे
चढती पायरी म्हणजे काय तेही लिहिते. एक दिवस फेक, एक दिवस आराम. आधी ४५ फुटांवरून २५ फेकी, थोडी विश्रांती, पुन्हा २५. दुखलं नाही तर पुढच्या वेळी ७५. मग ६०, ९०, १२० फूट, प्रत्येक अंतरावर हेच. रात्री फेकीच्या हाताच्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा कोपर बरगडीला टेकवून हात बाहेर ढकलताना दुसऱ्या बाजूपेक्षा ताकद कमी भरत असेल, तर एक पायरी मागे. हे सगळं पार पडल्यावर माउंड, आणि तिथेही पहिल्या दिवशी निम्म्या जोराने १५ फास्टबॉल. कर्व्ह (वळणारा चेंडू) अगदी शेवटी.